सातवा मोठा की आठवा

मी खोली बघायला आबांच्या घरी गेलो, तेव्हा ओसरीवर आम्ही दोघंच होतो आणि त्यांच्या बायकोने, अक्कांनी, आतून तीन कप चहा आणला. एक आबांसमोर ठेवला, एक माझ्यासमोर आणि एक उंबऱ्यालगत, कोणाच्याच समोर नाही. मी धुळ्याच्या देवपूरहून निघून दोन एसट्या बदलत आलेलो, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही. आबा कशासाठी तरी आत गेले, तसं मला वाटलं, पाहुणचार दिसतोय, दुसराही आपलाच. मी हात पुढे केला.

"तो राहू द्या, गुरुजी," आतून आबांचा आवाज आला.

ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये चांगली हातभर जाडीची भिंत होती. भिंतीला खिडकी नव्हती.

निघताना मी हळूच त्या कपात पाहिलं. चहा निम्म्यावर आला होता. मांजर असेल, असं मी मनाला सांगितलं. त्या घरात मांजरच नव्हतं, हे पुढे बऱ्याच दिवसांनी माझ्या ध्यानात आलं. माझ्या ध्यानात सगळंच उशिरा येतं, म्हणून तर मी मास्तर झालो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला, केळीच्या बागांमध्ये बुडालेलं एक गाव होतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. आबा तिथले मुख्याध्यापक. शाळेला शिक्षक दोनच: एक ते, एक मी. गावात माझं आडनाव ऐकल्यावर दोनतीन घरांतल्या रिकाम्या खोल्या एकाएकी 'कालच दिलेल्या' निघाल्या होत्या. आबांनी आडनाव विचारलंच नाही. म्हणाले, "राहा. आमच्या घरात मोजायला एक माणूस कमीच पडतो." मला ते फार मोठ्या मनाचं वाक्य वाटलं. ते हिशेबाचं वाक्य होतं, हे नंतर कळलं.

उंच, वाळलेला माणूस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि बाराही महिने काखेत छत्री. बांधावरून चालायचे तर एका कडेने, उरलेली अर्धी वाट मोकळी ठेवून. मध्येच थांबायचे, मागे वळून बघायचे आणि कोणी तरी गाठलं असावं तसे पुन्हा चालू लागायचे. घराच्या दाराची एक फळी कायम उघडी. पाऊस आत आला तरी उघडी, कुत्रं आत आलं तरी उघडी. मी एकदा शहाणपणाने ती लावून घेतली. आबा शाळेतून आले, दारासमोर उभे राहिले आणि फार शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आत यायला माणसाला अर्धं दार पुरतं. पण तेवढं तरी लागतं ना?"

शिकवायला मात्र हा माणूस विलक्षण. विशेषतः अपूर्णांक. आता अपूर्णांकाशी माझं नातं काय होतं ते सांगून टाकतो. डी.एड.ला असताना धुळ्यातल्या एका शाळेत माझा सराव पाठ होता. एक सप्तमांश मोठा की एक अष्टमांश? सगळा वर्ग ओरडला, "अष्टमांश!" का? तर साताहून आठ मोठे. त्यांनी ते इतक्या खात्रीने सांगितलं, की मलाही पटलं. घंटा होईपर्यंत आम्ही सगळे मिळून आनंदाने चुकत होतो. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या बाईंनी माझ्या पाठाखाली फक्त उद्गारचिन्ह काढलं होतं.

आबांच्या वर्गात असलं काही घडत नसे. ते पाटीवर आकडे काढायच्या आधी भाकरी आणत. अक्कांच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, परातीएवढी. केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात भिजवून तो भाकरीवर दाबायचा, की सुरीने पडणार नाहीत असे सारखे तुकडे पडत. "खालचा आकडा म्हणजे पंगत," ते सांगत. "वरचा आकडा म्हणजे तुझ्या पानात पडलं ते. पंगत वाढली की पान आटलं. समजलं?" मुलांना समजे. चौथीतलं शेंबडं पोरसुद्धा सातवा मोठा की आठवा हे झोपेत सांगे.

फक्त एक गोष्ट ते नेहमी पुढे जोडत, आणि ती सांगताना त्यांचा आवाज खाली येई. "पंगत मोजताना दिसतात तेवढेच मोजू नका."

मुलं सहा असली की आबा सात तुकडे करत. आठ असली की नऊ. मुलांना त्याचं काही वाटत नसे. वर्गात दाराजवळ एक सतरंजीची पट्टी होती, तिच्यावर कोणी बसत नसे. एका पावसाळी सकाळी मी उशिरा आलेल्या एका पोराला तिथे बसवू लागलो, तर सुमन नावाची चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, तिथी नका बसवू. त्याले जागा पुरत नही."

"कोणाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फळा कशाला म्हणतात ते विचारलं होतं. आणि खाली बसली.

चौथीचा वर्ग आबांनी माझ्याकडे दिला आणि लगेच तपासणी आली. साहेब जळगावहून आलेले, घाईतले, जीपचं इंजिन चालूच ठेवून. त्यांनी सोपात सोपा प्रश्न विचारला. "एक भाकरी. तुम्ही सहा जण आहात. सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती?"

"सातवा भाग!" सहाही जण एका सुरात.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं. फळा कोरा होता, त्याचा आधार मिळाला नाही.

"अरे, मोजा बरं. किती जण आहात?"

"सहा."

"मग भाग किती करायचे?"

"सात."

"सातवा कोण?" साहेबांचा आवाज चढला.

सहाही मुलांनी मान वळवली आणि दाराजवळच्या त्या पट्टीकडे पाहिलं. सगळ्यांची नजर एकाच जागी, एकाच उंचीवर. बसलेल्या पोराचं डोकं जिथे येईल तिथे. साहेबांनी तिकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर वारा नव्हता, पण दाराबाहेरचं केळीचं एक पान हलून थांबलं.

साहेब त्यानंतर काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. जाताना शेरेबुकात लिहून गेले, की नवीन शिक्षकांना गणिताच्या उजळणीची गरज आहे. ते खरंच होतं, म्हणून मला रागावताही आलं नाही.

त्या दुपारी मी अक्कांना विचारलं. त्या ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. धुळ्याकडच्या आमच्या बोलीत 'शे' म्हणतात ते इथे 'हाये' होतं, आणि अक्का इतक्या हळू बोलत, की मला अर्धं ऐकावं लागे, अर्धं जुळवावं लागे.

"लेक हाये तो आमचा," त्या म्हणाल्या. "चौथीत व्हता. ह्याह्यच्याच वर्गात. हे म्हणे, घरची भाकरी डोळ्यापुढं आन, आन सांग, सातवा मोठा का आठवा. पोरगं म्हणे, आठवा. पुन्हा इचारलं, पुन्हा आठवा. हट्टी, बापावर गेलेलं. मंग ह्याह्यले राग आला. म्हणे, बाहेर जाय, आन समजलं का मंग घरात ये."

"मग?"

"मंग काय. पाटी घेतली आन गेला. केळीत शिरताना पाह्यला लोकायनं. निघताना कोनी पाह्यला नही." लसणाची एक पाकळी त्यांनी सोलली, ती आधीच सोललेली होती. "हिरी उपसल्या. भुसावळचं टेशन पाह्यलं. पार सुरतपर्यंत मानसं धाडली. बारा वर्सं व्हतीन औंदा श्रावनात."

अशा वेळी गप्प बसावं, एवढी अक्कल मला नव्हती. मी म्हणालो, "आबांना फार लागलं असेल."

"लागलं का नही ते त्याह्यलेच माहीत. एकच बोलता. त्याले अजून समजलं नसीन, म्हणता. समजलं का येईन."

त्या दिवसापासून मला त्या घरात नीट बसवेना. आबा भाकरीचा तो जास्तीचा तुकडा बाजूला काढत, तेव्हा मला वाटायचं, हा बाप लेकाची वाट बघत नाहीये. हा मास्तर उत्तराची वाट बघतोय. आणि तो पोरगा कुठल्या तरी केळीच्या बुंध्याआड पाटी मांडीवर घेऊन तेच गणित करत बसलाय, करत बसलाय.

आता माझा पराक्रम.

साहेबांच्या शेऱ्याने मी पेटलो होतो. म्हटलं, आपणही भाकरी घेऊन शिकवू, आणि एक नाही, दोन. एकीचे सात भाग, दुसरीचे आठ, शेजारी शेजारी ठेवून दाखवू, की सातवा मोठा. एक भाकरी अक्कांकडून मागून घेतली. दुसरी मागायची लाज वाटली, म्हणून माझ्या खोलीत स्टोव्हवर मीच थापली. माझी भाकरी काय वर्णावी! आकार तळहाताएवढा, जाडी उशीएवढी, आणि कडा अशा, की भूगोलाच्या तासाला श्रीलंका म्हणून खपली असती.

वर्गात मी माझ्या भाकरीचे सात तुकडे केले आणि अक्कांच्या भाकरीचे आठ. दोन्हींतला एकेक उचलून वर धरला. "बघा. हा सातवा, हा आठवा. मोठा कोणता?"

सुमनचा हात वर गेला.

"सुमन, सांग."

"आठवा, गुरुजी."

"नीट बघून सांग."

"नीटच पाहून राह्यली. आठवा."

"अगं, नियम काय आहे? पंगत वाढली की..."

"मले माहीत हाये नियम. पन नियमाले डोळे नहीत का, गुरुजी?"

वर्ग फुटला. मी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं. खरंच की! अक्कांच्या भाकरीचा आठवा भाग माझ्या भाकरीच्या सातव्या भागाच्या दुप्पट भरत होता. मूळ भाकऱ्याच सारख्या नव्हत्या, तर तुकड्यांची तुलना कसली करणार? मलाही हसू फुटलं. "बरोबर आहे बाई तुझं," मी म्हणालो. "भाकरीच वेगळी असली, तर आठवाही मोठा असू शकतो. आधी विचारायचं, कोणत्या भाकरीचा?"

दारात आबा उभे होते.

ते कधी येऊन थांबले होते कोण जाणे. हातातली छत्री खाली पडली होती आणि ती त्यांनी उचलली नव्हती. चेहऱ्यावर रंग नावाला नव्हता. मला वाटलं, माझी भाकरी पाहून झालं असेल. ते आत आले, माझ्या हातातले दोन्ही तुकडे घेतले, एकावर एक ठेवून पाहिले. मग तसेच घराकडे निघाले. भर तासाला. मी छत्री घेऊन मागे धावलो.

अक्का चुलीपुढे होत्या. आबांनी तुकडे त्यांच्यापुढे धरले.

"त्या दिवशी त्याला चानकी केली होतीस?"

चानकी म्हणजे लहान मुलांसाठी थापतात ती छोटी भाकरी.

अक्कांनी तव्यावरून नजर वर केली नाही. "रोजच करत व्हती. त्याची चानकी आन तुमची मोठी. टोपल्यात दोन्ही राहे."

"म्हणजे त्याच्या डोळ्यापुढं चानकीचा सातवा होता," आबा म्हणाले, "आणि माझ्या भाकरीचा आठवा."

"मले काय कळतं हो त्याच्यातलं."

"घरची भाकरी डोळ्यापुढं आण म्हटलं मी. त्याने आणली." त्यांनी दोन्ही तुकडे चुलीच्या कडेला ठेवले. "कोणत्या भाकरीचा, ते मी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आबा वर्गात आले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आजपासून हजर तेवढेच मोजा." त्यांनी स्वतः भाकरी आणली होती. "सहा करा."

मी दोरा दाबून सहा तुकडे केले. मोजून घेतले. सहा मुलांना सहा दिले. आणि ताटात पाहिलं, तर एक तुकडा शिल्लक.

मी मुलं मोजली. सहा. त्यांच्या हातातले तुकडे मोजले. सहा. ताटातला एक. पुन्हा मोजलं. मी गणितात कच्चा आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, पण सहापर्यंत मला मोजता येतं, हे मी आजही शपथेवर सांगीन. मुलांना हसू आलं नाही. ती खाली मान घालून आपापला तुकडा खात होती.

आबांनी तो तुकडा उचलला नाही. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मी नाही म्हटलं म्हणून पंगत थोडीच कमी होते?"

मग श्रावण आला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसते. आमच्या बौद्ध घरात ती नसल्यामुळे मी ती फक्त गल्लीत उभा राहून पाहिलेली, आतले नियम मला ठाऊक नव्हते. ते आबांच्या घरी कळले. देवीच्या रोटांसाठी गहू घ्यायचे, ते घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. पुरुष परगावी असला तरी त्याच्या नावाची मूठ पडते. मेलेल्याच्या नावाची पडत नाही. आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला त्यातला घास नाही, आणि या घरात तर बाहेरच्याने त्या पंगतीकडे बघायचंही नाही.

आदल्या आठवड्यात मी आबांना विचारलं होतं, "एक मूठ समजलं. वरचा पाव कशाला?"

"पाव येणाऱ्याचा," आबा म्हणाले होते. "येणारा एकदम अख्खा येत नाही."

माप नेहमी चार जणांचं पडे. आबा, जळगावला पिंप्राळ्यात राहणारे त्यांचे धाकटे भाऊ नाना, नानांचा कॉलेजात जाणारा मुलगा, आणि आबांचा लेक. त्या शनिवारी दुपारी नाना स्कूटरवरून मुलाला मागे बसवून आले, तेच तोंड घट्ट मिटून. नाना माणूस वाईट नव्हता. येताना अक्कांसाठी न चुकता लुगडं आणायचा. पण बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं झाली की बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला निरोप द्यायचा, असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं.

गव्हाचं सूप पुढ्यात होतं. आबा हात धुऊन बसले. मी खांबाशी उभा. जा म्हटलं नाही म्हणून थांबलो होतो.

"भाऊ," नाना म्हणाले, "औंदा तीन मानसायचंच माप."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"वहिनीकडं पाह्य जरा. अर्धी राह्यली ती," नाना म्हणाले. "दर वर्सी त्याच्या नावाचे रोट, आन दर वर्सी ते खायाले कोनी नही. मेलेल्याले असं बोलवत राह्यलं, तं जिवंत मानसायनं कुठी बसायचं?"

"तीनच," आबा म्हणाले.

नानांनी पिंप्राळ्यापासून जमवून आणलेली सगळी भांडणं तोंडातच राहिली. अक्कांनी दाराची चौकट धरली.

आबांनी गव्हात हात घातला. एक मूठ, वर पाव. "ही नानाची." टोपलीत टाकली. दुसरी. "ही तुझ्या पोराची." तिसऱ्या वेळी हात गव्हात बराच वेळ राहिला. मूठ वर आली तेव्हा बोटांतून एक दाणा गळला नाही. "आणि ही," ते म्हणाले, "माझ्या लेकाची."

त्यांनी पंच्याला हात पुसला आणि उठले.

"आन तुमची?" नानांचा आवाज चिरकला.

"माझी नाही. मी त्याला सांगितलं होतं, ज्याचं चुकलं त्याने बाहेर जायचं, समजलं की घरात यायचं. माझं चुकलं. बारा वर्षं मी घरात बसलोय." त्यांनी टोपी घातली, छत्री काखेत मारली. "तो मात्र विनाकारण बाहेर."

"भाऊ, मानसानं स्वतःचं माप कमी करू नये! जित्त्या मानसाचं कोनी करतं का असं?"

आबा उघड्या फळीतून बाहेर पडले. बांध उतरले आणि केळीच्या दिशेने निघाले.

त्या घरात बाईमाणूस मापाला हात लावत नसे. अक्का पुढे आल्या, खाली बसल्या, आणि सुपात मूठ खुपसली. एक, वर पाव. टोपलीत टाकली आणि बाहेर तोंड करून मोठ्याने ओरडल्या. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "ही तुमची! मी टाकली! सोमवारी रोट व्हतीन, आन शिळे मी वाढत नसते!" मग माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुमी काय खांब व्हऊन राह्यले? जा ना त्याह्यच्या मांगं!"

मी धावलो.

ज्याने भरल्या केळीच्या बागेत पाऊल टाकलं नाही, त्याला ते सांगून कळणार नाही. बाहेर लख्ख दुपार, आत हिरवा अंधार. सगळ्या ओळी सारख्या, सगळे बुंधे सारखे, वर पानांचं छप्पर. आवाज आत शिरतो आणि कुठून आला ते कळत नाही. मला आधी आबांची पांढरी टोपी दिसत होती. मग दिसेना. मग फक्त वाळक्या पानांवरची पावलं ऐकू येऊ लागली, एक लांब टाकलेलं आणि त्याच्या मागोमाग दोन आखूड, भरभर, जशी मोठ्या माणसाला गाठताना लहान पोराची पडतात. मी "आबा!" म्हणून हाक मारली. पावलं थांबली. मी थांबलो. मग फक्त आखूड पावलं चालू झाली, आणि ती माझ्याकडे येत होती.

इथे मी शूरपणे उभा राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चप्पल तिथेच टाकून पळालो. ओळ चुकलो, पाण्याच्या पाटात पडलो, चिखलाने माखलो, आणि सूर्य कलल्यावर कसाबसा बागेबाहेर पडून घरी पोचलो. म्हटलं, आता अक्कांना काय तोंड दाखवू?

आबा ओसरीवर बसून चहा पीत होते. कोरडे ठणठणीत. त्यांच्या शेजारी माझी चप्पल ठेवलेली होती, जोड नीट जुळवून.

"तिसऱ्या पाटापाशी वळायचं चुकतं, गुरुजी," ते म्हणाले. "त्याचंही तिथंच चुकलं होतं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

आबांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीला गेली. बायका फुगड्या घालून, भिजून, हसत परत आल्या, आणि दुपारी घरातले रोटांना बसले. मला माझ्या खोलीत दार लावून बसायला सांगितलं होतं. माझी खोली आणि माजघर यांच्यामध्ये फळ्यांची आडभिंत होती. बघायचं नाही एवढाच नियम होता. कानांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं, आणि मी नियम पाळणारा माणूस आहे.

पानं मांडल्याचा आवाज आला. नानांचा मुलगा काही तरी पुटपुटला, नानांनी त्याला गप्प केलं. अक्कांच्या बांगड्या वाजल्या, वाढत वाढत पुढे सरकत गेल्या, थांबल्या.

मग आबांचा आवाज आला. वर्गातला नव्हता तो. मी त्या माणसाचा तसला आवाज ऐकलाच नव्हता.

"चानकीचा सातवा मोठा, की माझ्या भाकरीचा आठवा?"

शांतता. एखादं पोर बोटं मोजत असावं तेवढी.

"बरोबर," आबा म्हणाले. "तेव्हाही बरोबर होतं तुझं. चुकलं माझं. जेव आता."

आडभिंतीपलीकडे कोणी तरी उठलं, दाराची कडी वाजली आणि नाना ओसरीवर आले. पाण्याचा माठ माझ्या खोलीच्या दाराशेजारी असायचा. पंगतीकडे बघायचं नव्हतं, माठाकडे बघायला हरकत नव्हती. मी दार बोटभर उघडलं.

नानांच्या हातात पितळी पेले होते. त्यांनी एक भरला, खाली ठेवला. दुसरा भरला. तिसरा भरला. मग चौथा माठाखाली धरला आणि काठोकाठ भरला.

"नाना," मी कुजबुजलो, "पंगतीला तुम्ही तिघंच ना?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला गाल घासला.

"त्याले ताहान लागली असीन न, गुरुजी," ते म्हणाले. "किती वर्साचा चालत आला पोरगा."